साहसपटाची गाडी: एकीत भागेल की दोन लागतील?

चक्रधर
लघुपटासाठी वाळवंटी लुटारूंची गाडी करायचीय. जुन्या जीपची लॅडर चासी (शिडीसारखी लोखंडी चौकट), वर फायबरग्लासचं कवच, मोठे टायर. एक पाठलाग आहे आणि एक गाडीत बसून संवाद. एकाच गाडीत जमेल का? कवच चासीला थेट बोल्ट केलं तर?

पक्कड
एकीत भागवू नका. 'बॅक टू द फ्यूचर'साठी (1985) टाइम मशीन झालेल्या तीन डिलोरियन गाड्या होत्या: एक जवळून दाखवायला सजवलेली, एक स्टंटची, तिसरी आतली दृश्यं टिपायला कापलेली. तुमची 'कापलेली' स्वस्तात होईल. डॅशबोर्ड, दोन सीटा आणि काचेची चौकट फळीवर बसवा, दारं-छप्पर सुटं ठेवा म्हणजे कॅमेरा हवा तिथे शिरेल. चालती गाडी कापायच्या फंदात पडू नका, ताकद जाते.

जेलकोट
थेट बोल्ट अजिबात नको. खड्ड्यात लॅडर चासी पिळते, कवच पिळत नाही, मग बोल्टाभोवती तडे जातात. मध्ये रबरी बुश (पीळ झेलणारे रबराचे गोल तुकडे) घाला आणि बोल्टाच्या जागी लोखंडी पट्टी थरांतच गाडा.

चौरस मीटरला 450 ग्रॅम भरणाऱ्या काचतंतूंच्या मॅटचे तीन थर, कडांना पाच. रेझिन (मॅट भिजवायचा चिकट द्रव) मॅटच्या वजनाच्या दुप्पट ते अडीचपट. हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारं रसायन, रेझिनच्या 1 ते 2 टक्के. उन्हात घाई करून जास्त ओतलात तर माल तापतो, आक्रसतो आणि साच्यातच वाकडा होतो. प्रत्येक थरावर रोलर फिरवून बुडबुडे काढा.

कवच जीव वाचवत नाही, ते काम रोल केजचं, म्हणजे आतल्या नळ्यांच्या पिंजऱ्याचं. नळी विनाजोड, मुख्य कमान 45 × 2.5 मिमी (बाहेरचा व्यास × जाडी), बाकीच्या 38 × 2.5. केजचे पाय निदान 3 मिमी जाड प्लेटवर. पाठलागात गाडी उलटू शकते हे धरूनच चाला.

स्पॅनर१३
टायरची जागा उभ्या गाडीत मोजली की हमखास फसगत होते. स्टिअरिंग पूर्ण वळवा, स्प्रिंग बंप स्टॉपपर्यंत (चाक वर जाण्याची हद्द ठरवणाऱ्या रबरापर्यंत) दाबा आणि मग कवचाची कड आखा. दोन्ही बाजूंना.

'बॅटमॅन बिगिन्स'मधल्या टम्बलरचं, म्हणजे बॅटमॅनच्या गाडीचं, उदाहरण कुणीतरी देईलच, म्हणून आधीच सांगतो. ती तयार चासीवरचं कवच नव्हती. आकार आधी ठरला, मग त्याला साजेशी चौकट बांधली. पुढच्या चाकांमध्ये ॲक्सल (दोन चाकं जोडणारा आडवा दांडा) नाही आणि इंजिन 5.7 लिटरचं व्ही-8. तो रस्ता जीपवाल्यांचा नाही.

चक्रधर
समोर जाळी ठेवतोय. तरी इंजिन तापेल?

पक्कड
तापेल, कारण हवा आत घ्यायचं सगळ्यांना सुचतं, बाहेर काढायचं नाही. बॉनेटच्या मागच्या भागात किंवा मडगार्डमागे गरम हवेला वाट द्या. आणि चित्रीकरणात गाडी पळते कमी, सुरू ठेवून उभी जास्त राहते, तेव्हा वाऱ्याचा झोत नसतो. म्हणून रेडिएटरला विजेचा पंखा लावा, त्याचा स्विच डॅशबोर्डवर हाताशी. एअर फिल्टर दररोज झाडा, वाळूत तो संध्याकाळपर्यंत तुंबतो.