राज्यपालांच्या मौनाला मुदत असावी का?

गोदातीर:
महाराष्ट्र विधान परिषदेच्या ७८ सदस्यांपैकी १२ जणांची नियुक्ती राज्यपाल करतात. साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा या क्षेत्रांतील जाणकारांना सभागृहात स्थान मिळावे, हा त्यामागील हेतू आहे. महाविकास आघाडीच्या मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२० मध्ये अशी बारा नावे राजभवनाकडे पाठवली. तत्कालीन राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी ती स्वीकारली नाहीत, नाकारली नाहीत आणि फेरविचारासाठी परतही पाठवली नाहीत. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वाजवी कालावधीत निर्णय घेणे हे राज्यपालांचे कर्तव्य असल्याचे सांगितले. मात्र राज्यपाल न्यायालयाला उत्तरदायी नसल्यामुळे त्यांना थेट आदेश देता आला नाही. सरकार बदलल्यावर सप्टेंबर २०२२ मध्ये यादीच मागे घेतली गेली. पुढे १५ ऑक्टोबर २०२४ रोजी, विधानसभा निवडणुकीची घोषणा झाली त्याच दिवशी, सात नव्या सदस्यांचा शपथविधी उरकण्यात आला.

याच राजभवनाने २८ जून २०२२ रोजी मात्र विरोधी पक्षनेत्यांचे पत्र मिळाल्याच्या दिवशीच बहुमत चाचणीचा आदेश काढला. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय घटनापीठाने त्या आदेशाला पुरेसा आधार नव्हता असे म्हटले. एका बाबतीत सुमारे बावीस महिने मौन आणि दुसऱ्या बाबतीत एका दिवसात आदेश, अशी मोकळीक घटनेला अभिप्रेत असेल असे मला वाटत नाही. म्हणून राज्यपालांपुढील प्रत्येक शिफारशीला आणि विधेयकाला कालमर्यादा असावी, असे माझे ठाम मत आहे.

वैनतेय:
गोदातीर यांनी दिलेल्या घटनाक्रमाशी माझा वाद नाही, निष्कर्षाशी आहे. त्या बारा नावांत सक्रिय राजकारणीही होते, आणि निवडणुकीत पडलेल्यांची किंवा पक्षांतर केलेल्यांची सोय लावण्यासाठी या जागा वापरण्याची सवय आपल्याकडे सर्वच पक्षांना आहे. ठरावीक दिवस उलटले की सही आपोआप झाली असे मानायचे ठरवले, तर या सवयीला असलेला शेवटचा अडसरही निघून जाईल.

शिवाय राज्यपालांकडे मंत्रिमंडळापलीकडची काही कामे आहेत, ती आपण सोयीस्करपणे विसरतो. घटनेच्या पाचव्या अनुसूचीनुसार अनुसूचित, म्हणजे आदिवासीबहुल, क्षेत्रांत एखादा कायदा बदलून लागू करण्याचा अधिकार त्यांना आहे. मे २०२० मध्ये याच अधिकाराखाली निघालेल्या अधिसूचनेमुळे वनहक्काचे दावे जिल्हास्तरीय समितीने फेटाळल्यास विभागीय पातळीवर अपील करण्याची वाट आदिवासींना मिळाली. गोदातीर ज्यांच्यावर टीका करतात, त्याच राज्यपालांची ती अधिसूचना होती. या पदाला केवळ शिक्का मारणारे कार्यालय करून टाकल्यास दुर्बलांच्या बाजूने उभे राहण्याची त्याची क्षमताही आपण गमावू.

अबोली:
मला हा वाद मुदतीपेक्षा नेमणुकीचा वाटतो. घटनेच्या मूळ मसुद्यात राज्यपाल निवडून आलेला असावा असा विचार होता. १९४९ मध्ये संविधान सभेने तो सोडून दिला, कारण एकाच राज्यात जनतेने निवडलेले दोन सत्ताप्रमुख परस्परांशी झगडत बसले असते. ती भीती रास्त होती. परंतु त्यातून जो राज्यपाल आला, तो राष्ट्रपतींची, म्हणजे प्रत्यक्षात केंद्र सरकारची, मर्जी असेपर्यंतच पदावर राहतो. जुलै २००४ मध्ये केंद्रात सत्ता बदलताच उत्तर प्रदेश, गुजरात, हरियाणा आणि गोव्याच्या राज्यपालांना एकदमच हटवण्यात आले. त्यावर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मनमानीने हटवता येणार नाही असे बजावले खरे, पण सक्रिय राजकारणातील व्यक्तीला राज्यपाल नेमू नये ही केंद्र-राज्य संबंधांवरील सरकारिया आयोगाची १९८८ मधील शिफारस कोणत्याही पक्षाच्या सरकारने मनावर घेतली नाही. ज्याचे पद दिल्लीच्या मर्जीवर टिकते, त्याला मुदत घालून दिली तर तो मुदतीच्या शेवटच्या दिवशी दिल्लीला हवे तेच करील.

गोदातीर:
अबोली यांचे म्हणणे मला मान्य आहे, पण नेमणुकीची पद्धत बदलायला घटनादुरुस्ती लागेल आणि तोवर थांबणे परवडणारे नाही. राज्यपालांनी विधेयके रोखून धरल्याच्या तमिळनाडूच्या प्रकरणात एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी विधेयकांसाठी मुदती ठरवल्या होत्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये राष्ट्रपतींच्या प्रश्नांना उत्तर देताना घटनापीठाने त्या नाकारल्या, मंजुरी गृहीत धरता येणार नाही असेही सांगितले. तरीही विधेयक नुसते दाबून ठेवता येणार नाही, आक्षेपांसह सभागृहाकडे परत पाठवावे लागेल, आणि कारण न देता दीर्घकाळ विलंब झाल्यास न्यायालय मर्यादित निर्देश देऊ शकेल, हे त्याच मतात आहे. वैनतेय यांना ही नावे अयोग्य वाटत असतील, तर राज्यपालांनी तसे लेखी कळवायला हवे होते. मौनाने कोणताही राजकारणी रोखला गेला नाही. सात नावे शेवटी आलीच.

त्या मौनाची झळ कोणाला बसली, तेही सांगतो. मी मराठवाड्याचा आहे. कलम ३७१(२) नुसार विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्राच्या, प्रादेशिक असमतोल दूर करण्यासाठी असलेल्या, विकास मंडळांबाबत राज्यपालांवर विशेष जबाबदारी सोपवता येते. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. मार्च २०२१ मध्ये उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधानसभेत सांगितले की, बारा नावे जाहीर झाली की दुसऱ्या दिवशी मंडळे जाहीर होतील. राजभवन सही करीना म्हणून सरकारने आमच्या मंडळांना ओलीस ठेवले.

वैनतेय:
मंडळांचा मुद्दा मला अंतर्मुख करणारा आहे. लेखी कारणांचा आग्रह मी मान्य करतो आणि ती कारणे सभागृहापुढे ठेवावीत असेही म्हणेन. मुदतीला मात्र माझा विरोध कायम आहे, कारण मंडळे अडवून धरण्याचा निर्णय राज्यपालांचा नव्हता, बहुमताच्या सरकारचा होता. आणि त्या सरकारला कोणतीही मुदत लागू नव्हती.