अनुभव धागा : रोमिंग प्रोफाइल सिंक होत नसेल तर आधी काय तपासता?

माणूस आज या टेबलावर, उद्या त्या टेबलावर बसतो, पण डेस्कटॉप आणि सेटिंग त्याच्या मागोमाग यायला हवीत. या गरजेपोटी विंडोज डोमेनवरच्या (सगळी लॉगिन एका मध्यवर्ती सर्व्हरवरून सांभाळणाऱ्या) अनेक ऑफिसांत रोमिंग प्रोफाइल, म्हणजे युजरच्या फाइली आणि सेटिंगची सर्व्हरवर ठेवलेली प्रत, अजून चालू आहेत. सिंक बिघडलं की तुम्ही कुठून सुरुवात करता? ‘फॉरमॅट मारा’ एवढंच लिहू नका, कारणासकट लिहा.

सर्व्हररूम

सुरुवात इव्हेंट व्ह्यूअरच्या (विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या टूलच्या) ॲप्लिकेशन लॉगपासून. त्यात ‘युजर प्रोफाइल सर्व्हिस’च्या नोंदी गाळून घ्या. नोंदीचा क्रमांक १५२१ म्हणजे सर्व्हरवरची प्रत सापडलीच नाही : नेटवर्क, डीएनएस (नावावरून सर्व्हर शोधणारी सेवा) किंवा चुकीचा पाथ. १५०९ मध्ये जी फाइल कॉपी झाली नाही तिचं नाव पूर्ण पाथसकट मिळतं, ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. १५०४ म्हणजे साइन आउट करताना प्रोफाइल सर्व्हरवर पूर्ण चढलं नाही. १५११ म्हणजे टेंपररी प्रोफाइल मिळालं.

यात दोन वेगळ्या क्रिया आहेत. लॉगिनला प्रोफाइल खाली उतरतं, साइन आउटला वर चढतं. स्क्रीन लॉक केली किंवा रिमोट सेशन नुसतं डिसकनेक्ट केलं तर काहीच वर जात नाही. संध्याकाळी थेट बोर्डाचं बटण बंद करायची सवय असेल तर दुसऱ्या मशीनवर जुनाच डेस्कटॉप दिसणार. ‘सिंक होत नाही’च्या तक्रारीत आधी हेच विचारावं.

डोमेनवाला

टेंपररी प्रोफाइलबद्दल. त्या अवस्थेत डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल साइन आउट होताच नाहीशी होते. म्हणून पहिली सूचना : काम थांबवा, नवं जे काही असेल ते शेअर ड्राइव्हवर टाका.

मग त्या युजरला साइन आउट करून ॲडमिन म्हणून शिरा. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या कोठारात) एचकेएलएम → सॉफ्टवेअर → मायक्रोसॉफ्ट → विंडोज एनटी → करंट व्हर्जन → प्रोफाइललिस्ट उघडा आणि ती किल्ली (नोंदींचा कप्पा) आधी एक्स्पोर्ट करून ठेवा. एकाच एसआयडीच्या (युजरच्या ओळख-क्रमांकाच्या) दोन किल्ल्या दिसतात, एकीच्या शेवटी ‘डॉट बॅक’. बिनशेपटीच्या किल्लीचं नाव बदला, दुसरीची शेपटी काढा, ‘प्रोफाइल इमेज पाथ’ योग्य फोल्डरकडे आहे ना ते बघा, ‘स्टेट’ आणि ‘रेफकाउंट’ शून्य करा, मशीन रीस्टार्ट करा.

हे बहुतेक वेळा कोणीतरी सी ड्राइव्हच्या युजर्समधलं फोल्डर नुसतं डिलीट केल्यामुळे ओढवतं : फोल्डर जातं, रजिस्ट्रीतली नोंद मागे राहते. लोकल प्रत काढायचीच असेल तर सिस्टिम प्रॉपर्टीज → ॲडव्हान्स्ड → युजर प्रोफाइल्समधून काढा. आधी सर्व्हरवरची प्रत ताजी आहे याची खात्री करा, कारण लोकल ॲपडेटा (ॲपचा त्याच मशीनवर राहणारा डेटा) तिथे नसतोच.

फाइलसर्व्हर

माझ्या मते निम्म्या तक्रारींचं मूळ आकारात असतं. एक जीबीची एक फाइल पटकन उतरते. तेवढाच डेटा हजारो बारक्या फाइलींत असेल तर प्रत्येक फाइलसाठी उघडणं, लिहिणं, बंद करणं वेगळं होतं आणि लॉगिन रेंगाळतं.

ॲपडेटातले लोकल आणि लोकललो हे फोल्डर युजरसोबत फिरत नाहीत, रोमिंग नावाचं मात्र फिरतं. मायक्रोसॉफ्टचं जुनं टीम्स आपला सगळा कॅशे (तात्पुरत्या फाइली) याच रोमिंगमध्ये ठेवायचं. ॲप काढल्यावरही तो ढीग पडून राहिलेला असू शकतो, बघून घ्या.

उपाय दोन. डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, डाउनलोड्स यांना ग्रुप पॉलिसीतून (डोमेनवरून मशीन आणि युजरना लावायच्या नियमांतून) फोल्डर रिडायरेक्शन लावा, ते फोल्डर थेट सर्व्हरवर ठेवा, म्हणजे ते प्रोफाइलसोबत कॉपीच होत नाहीत. उरलेल्या कॅशेंसाठी युजर कॉन्फिगरेशन → ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स → सिस्टिम → युजर प्रोफाइल्समध्ये फोल्डर वगळण्याची पॉलिसी आहे. नावं अर्धविरामाने वेगळी करायची आणि पाथ प्रोफाइलच्या मुळापासून लिहायचा, सी ड्राइव्हपासून नाही.

आउटलुकच्या पीएसटी (मेल साठवणाऱ्या) फाइली डॉक्युमेंट्समध्ये असतील तर रिडायरेक्शनआधी बाहेर काढा. नेटवर्क शेअरवरून पीएसटी वापरायला मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही.

परमिशन

प्रोफाइल शेअरच्या मुळाशी युजर-ग्रुपला एनटीएफएसमध्ये (डिस्कवरच्या फोल्डर-परमिशनमध्ये) दोनच हक्क : फोल्डरची यादी बघणं आणि नवं फोल्डर बनवणं, तेही ‘फक्त हे फोल्डर’ एवढ्यापुरतं. क्रिएटर ओनरला (फोल्डर बनवणाऱ्याला) ‘सबफोल्डर आणि फाइली’वर पूर्ण ताबा, सिस्टिमला सगळीकडे पूर्ण ताबा. या शेअरवर ऑफलाइन फाइल्स (शेअरमधल्या फाइलींची मशीनवर प्रत ठेवणारी सोय) बंदच ठेवा, नाहीतर दोन सिंक यंत्रणा एकाच फाइलवर भांडतात.

प्रोफाइल फोल्डरचा मालक स्वतः युजर किंवा ॲडमिनिस्ट्रेटर्स ग्रुप असावा लागतो. बॅकअपमधून परत आणलेल्या फोल्डरचा मालक तिसराच निघाला तर विंडोज ते नाकारतं, परमिशन कितीही बरोबर दिसोत. तिथे आयकॅकल्स या कमांडने मालकी युजरला परत द्या.

ॲडमिन ग्रुपला प्रोफाइलवर हक्क देणारी पॉलिसी फोल्डर पहिल्यांदा बनतानाच लागू होते. जुन्या फोल्डरांवर ती नंतर लावून उपयोग नाही.

मिश्र मशीन

विंडोज ७ आणि १० एकत्र नांदत असतील तर सर्व्हरवर एकाच माणसाची दोन फोल्डरं दिसतील. ती चूक नव्हे. ७ साठी नावापुढे ‘व्ही२’ लागतं, ८ ला ‘व्ही३’, ८.१ ला ‘व्ही४’, १० च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांना ‘व्ही५’, १६०७ पासून पुढे आणि ११ ला ‘व्ही६’. ही शेपटी विंडोज स्वतः जोडतं, युजरच्या प्रोफाइल पाथमध्ये हाताने लिहू नका. ‘व्ही२’चं नाव बदलून ‘व्ही६’ करणं तर मुळीच नको, स्टार्ट मेनूपासून बिघाड सुरू होतात.

टंकलेखन कक्ष

मराठी कामाच्या ऑफिसांत हटकून येणारी तक्रार : ‘माझा फॉन्ट त्या मशीनवर दिसत नाही.’ विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून ॲडमिन हक्कांशिवाय फॉन्ट टाकता येतो, पण फाइल बसते ॲपडेटाच्या लोकलमध्ये. तिची नोंद युजरच्या रजिस्ट्रीत असल्याने फिरते, फाइल फिरत नाही. दुसऱ्या मशीनवर नोंद आहे, फॉन्ट नाही, आणि जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टातलं पत्र उघडलं की रोमन अक्षरांचा कचरा. फॉन्ट प्रत्येक मशीनवर ‘सर्व युजरसाठी’ असाच बसवा. वर्डचा स्वतःचा शब्दकोश मात्र रोमिंगमध्ये असतो, तो व्यवस्थित येतो.

दोन टेबलं

एकच माणूस दोन मशीनवर लॉगिन असेल तर फाइली त्यांच्या वेळेनुसार एकत्र केल्या जातात, पण एनटीयूजर डॉट डॅट (युजरची रजिस्ट्री) ही आख्खी एकच फाइल आहे. जो शेवटी साइन आउट करेल त्याची सेटिंग टिकतात, आधीच्याची जातात. यावर उपाय शिस्तीचाच. मशीनची घड्याळंही तपासा : वेळ पुढे-मागे असेल तर जुनी फाइल नवी ठरते, आणि फरक पाच मिनिटांपलीकडे गेला तर कर्बेरॉसमुळे (डोमेनवर ओळख पटवणाऱ्या पद्धतीमुळे) सर्व्हरच दाद देत नाही.

वायफाय

एसएसडी असलेला लॅपटॉप इतका झटपट उठतो की नेटवर्क तयार व्हायच्या आत युजर पासवर्ड टाकतो आणि लोकल प्रतीवर काम सुरू होतं. सिस्टिम → लॉगऑनमधली ‘नेटवर्कची नेहमी वाट पाहा’ ही पॉलिसी चालू करा. दूरच्या शाखेत वेगळी अडचण असते : वेग ५०० किलोबिटच्या खाली किंवा प्रतिसाद १२० मिलिसेकंदांच्या वर गेला की विंडोज लाइन संथ ठरवून लोकल प्रतच वापरतं. ही मर्यादा पॉलिसीने बदलता येते, पण तसली लाइन असेल तर त्या शाखेसाठी जवळचा फाइल सर्व्हर देणंच बरं.

सांबा

लिनक्स सर्व्हरवर सांबाने (विंडोजला फाइली देणाऱ्या प्रोग्रामने) शेअर दिलेला असेल तर सांबाच्या कॉन्फिगरेशनमध्ये त्या शेअरच्या विभागात ‘सीएससी पॉलिसी’ डिसेबल लिहा. वर सांगितलेलं ऑफलाइन फाइल्स बंद करणं म्हणजे इथे हीच ओळ.