प्रतिसाद : ‘विलेजरी’ म्हणजे खेडवळपणा नव्हे

‘विलेजरी’ या जुन्या इंग्रजी शब्दासाठी मराठीत ‘खेडवळपणा’ हा प्रतिशब्द सुचवला गेला आहे; तो मला पटत नाही. शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ या नाटकात पक हा परीलोकातला खोडकर जीव ‘विलेजरी’तल्या मुलींना घाबरवतो, तिथे अर्थ समूहवाचक आहे, म्हणून आपला ‘खेडीपाडी’ हा शब्द अधिक जवळचा वाटतो. हेटाळणी चिकटली ती त्याच कुळातल्या ‘व्हिलन’ला. लॅटिन ‘व्हिला’, म्हणजे शेतावरचे घर, यावरून आलेला हा शब्द मुळात जमीनदाराच्या जमिनीशी बांधल्या गेलेल्या शेतकऱ्याचा होता, आणि इंग्लंडमधल्या १०८६च्या ‘डूम्सडे’ या जमीन-पाहणीच्या नोंदींत सर्वांत मोठा वर्ग याच लोकांचा आहे. तरीही वरिष्ठांच्या तुच्छतेमुळे त्याचा अर्थ ‘खलनायक’ झाला, हे मला फार अन्यायाचे वाटते. संस्कृत काव्यशास्त्रानेही ‘ग्राम्य’ हा दोषच मानला आहे.