मदत हवी आहे: विशेष काळजी लागणाऱ्या मुलांसाठी पाळणाघराचे शुल्क कसे ठरवावे?

नमस्कार. मी नेरूळ येथे राहत्या घरी पाळणाघर चालवते. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसणे) असलेल्या एका मुलीच्या आईने नुकतीच प्रवेशासाठी विचारणा केली आहे. या मुलीला मान आणि पाठ नीट टेकवून, प्रत्येक घास गिळल्याची खात्री करत मऊ जेवण भरवावे लागते आणि तेवढा वेळ मदतनीस ताईंना दुसऱ्या कोणत्याही मुलाकडे लक्ष देता येणार नाही. त्यामुळे आणखी एक मदतनीस ठेवणे भाग आहे. तिचा पगार कोणी उचलायचा, हा माझा प्रश्न आहे.

तो सगळा त्या एका कुटुंबावर टाकणे मला पटत नाही, कारण फिजिओथेरपीचा खर्च ते आधीच सोसत आहेत. दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंतचे विमा संरक्षण मिळते, परंतु ते उपचारांसाठी असते, पाळणाघरासाठी नव्हे. निदानाच्या नावावरून दर लावणे तर सरळ अन्याय आहे. माझ्याकडे येणाऱ्या स्वमग्न मुलाला दुपारी शांत कोपरा मिळाला की वेगळे काहीच लागत नाही. म्हणून जादा लागणाऱ्या वेळेचा काही भाग त्या पालकांनी द्यावा आणि उरलेला सर्वांच्या शुल्कात थोडी वाढ करून भरून काढावा, असा माझा विचार आहे.

ठाणे किंवा नवी मुंबईत अशी व्यवस्था कोणी केली असल्यास जादा वेळ कसा मोजला, इतर पालकांशी हा विषय कसा काढला आणि करारात काय लिहिले, हे कृपया सविस्तर सांगावे.