अनुभव धागा: 'एलियन थ्री' तुम्हाला भिडला की तुमच्या मनातून उतरला?

'एलियन थ्री' मे १९९२ मध्ये आला आणि तेव्हापासून त्याच्याबद्दल प्रेक्षकांचं एकमत झालेलं नाही. रिडली स्कॉटचा 'एलियन' (१९७९) भारी की जेम्स कॅमेरॉनचा 'एलियन्स' (१९८६), हा वाद खेळीमेळीचा असतो. तिसऱ्याचं नाव काढलं की माणसं तावातावाने बोलू लागतात. डेव्हिड फिंचरचा हा पहिलाच चित्रपट. त्याने स्वतःच पुढे सांगितलंय की याचा माझ्याइतका तिरस्कार दुसऱ्या कुणीही केला नसेल.

माझी बाजू आधीच सांगून टाकतो. मला हा मालिकेतला सर्वांत प्रामाणिक चित्रपट वाटतो. मालिकेची नायिका रिप्ली पृथ्वीवर सुखरूप पोचते असं दाखवणं सोपं होतं. त्याऐवजी फिंचरने तिला फिओरिना १६१ या ओसाड ग्रहावर आपटलं. तिथे शिसं वितळवण्याची जुनी भट्टी आहे, तिलाच जोडलेला तुरुंग आहे, उवांमुळे मुंडण केलेले पंचवीसेक कैदी आहेत आणि एकही बंदूक नाही. दुसऱ्या भागात तिने वाचवलेली छोटी न्यूट बुडून मेलेली, त्याच भागातला सोबतचा सैनिक हिक्सही गेलेला.

लोकांशी बोलताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा जाणवली. मत कुठल्या बाजूला झुकणार हे बऱ्याचदा आधी काय पाहिलं होतं आणि तेव्हा आयुष्यात काय चाललं होतं, यावर ठरतं. म्हणून नुसतं 'आवडला', 'बकवास' असं नको. कोणत्या वयात पाहिलात, दुसरा भाग आधी पाहिला होता का, कोणती आवृत्ती पाहिलीत आणि कुठल्या प्रसंगाला तुमचं मत ठरलं ते सविस्तर लिहा. शेवट फोडायला हरकत नाही.

डोंबिवली

मी विरोधातला आहे आणि इतकी वर्षं झाली तरी माझा राग उतरलेला नाही.

आमच्या चाळीत व्हीसीआर भाड्याने यायचा आणि त्याबरोबर 'एलियन्स'ची कॅसेट ठरलेली असायची. रिप्ली न्यूटला सोडवायला एलियनांच्या पोळ्यात एकटी जाते, त्याआधी यानात बसून बंदूक आणि ज्वालाफेकी चिकटपट्टीने एकमेकांना बांधते. ती पट्टी गुंडाळताना तिचे हात कसे चालतात हे मला आजही डोळ्यांसमोर दिसतं. शेवटी न्यूट तिला 'मम्मी' म्हणून मिठी मारते. आम्ही पोरं तिथे शिट्ट्या मारायचो.

पुढे तिसरा लागला. श्रेयनामावली चालू असतानाच यानाला आग लागते, काच तडकते, संपलं! ज्या मुलीसाठी अख्खा दुसरा भाग घडला ती पहिलं वाक्य बोलायच्या आत मेली. हिक्सला तर डोळे उघडायचीही संधी मिळाली नाही. कॅमेरॉननेही यावर जाहीर नाराजी व्यक्त केली आहे आणि मला त्याचं शंभर टक्के पटतं. पुढचा भाग काढणाऱ्याला आधीच्या भागाचं काही देणं असतं. ते इथे नाकारलं गेलं. अंधार दाखवा, माणसं मारा, माझी ना नाही. पण आम्ही ज्यांच्यावर जीव लावला त्यांना निदान लढून मरू द्या.

मिरज

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. शवविच्छेदन माझ्या नोकरीचा भाग होता, त्यामुळे माझं मत ज्या प्रसंगाने ठरलं तो सांगायलाच नको.

रिप्लीला शंका आहे की न्यूटच्या छातीत एलियन, म्हणजे माणसाच्या छातीत वाढून ती फोडून बाहेर येणारा तो जीव, असेल. ती डॉक्टर क्लेमेन्सला म्हणते, कॉलऱ्याचा संशय आहे, मुलीचा देह उघडून बघा. तो सांगतो की कॉलऱ्याचा रुग्ण दोनशे वर्षांत आढळलेला नाही. ही खोटं बोलतेय हे त्याला कळतं, तरी तो ते करतो. कॅमेरा मुलीवर रेंगाळत नाही. हत्यारांचा आवाज, नळीकडे ओघळणारं रक्त आणि सिगर्नी वीव्हरचा चेहरा, एवढंच. तिला मान फिरवायची आहे आणि फिरवता येत नाही.

मी शवागाराच्या दाराशी अनेक आईबाप पाहिले. बहुतेकांचं एकच म्हणणं असायचं, "डॉक्टर, फाडू नका हो तिला." पुष्कळदा कायद्यापुढे आमचाही इलाज नसायचा. इथे मुलीवर आईइतकी माया करणारी बाई स्वतःच छाती उघडा म्हणते, कारण न बघता देह भट्टीत घातला आणि शंका तशीच राहिली तर तिला झोप लागणार नाही. या प्रसंगाला कित्येक जण विकृत म्हणतात. मला त्यात त्या मुलीची विटंबना कुठेच दिसली नाही. उलट एवढ्या गंभीरपणे हे दाखवणारा भयपट मी दुसरा पाहिलेला नाही.

क्लेमेन्सबद्दलही लिहायला हवं. चार्ल्स डान्सने तो फार संयमाने उभा केलाय. अखंड ड्यूटी करून थकलेला, मॉर्फीनच्या आहारी गेलेला डॉक्टर, चुकीचा डोस लिहून देतो आणि अकरा माणसं जातात. शिक्षा संपल्यावरही तो कैद्यांबरोबर राहतो. हे सगळं तो रिप्लीला शांतपणे सांगून मोकळा होतो आणि पुढच्याच मिनिटाला मारला जातो. माझ्या मुलाला इथे चित्रपट फसला असं वाटतं, कारण "आत्ता कुठे ओळख झाली होती." मला मात्र तिथेच तो पटला.

नाशिक

माझं उत्तर छोटं आहे. मी तिसराच पहिल्यांदा पाहिला, केबलवर, मध्येच चॅनेल लावून. न्यूट कोण, हिक्स कोण, काही माहीत नव्हतं. एक टक्कल केलेली बाई, भगव्या उजेडात न्हालेले बोगदे आणि छतावरून उलटं धावणारं काहीतरी. मी खिळून बसले. दुसरा भाग नंतर पाहिला आणि तेव्हा न्यूट पडद्यावर आल्या आल्या मला रडू फुटलं, कारण तिचं पुढे काय होणार हे मला आधीच ठाऊक होतं. 'एलियन्स' असा कुणी पाहिलाय का?

मुंबई, गोरेगाव

मी संकलक आहे. दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकून मला वाटतं की आपण एका चित्रपटाबद्दल बोलतच नाही आहोत, दोन आहेत.

ज्यांनी थिएटरची आवृत्ती पाहिली त्यांना अर्धवट चित्रपट मिळाला. फिंचरच्या आधी यावर अनेकांनी हात चालवले होते. विज्ञानकथालेखक विल्यम गिब्सनने एक पटकथा लिहिली होती. दिग्दर्शक व्हिन्सेंट वॉर्डच्या कल्पनेत तर लाकडाचा ग्रह आणि त्यावर राहणारे भिक्षू होते. तुरुंगातल्या कैद्यांची ती श्रद्धा, त्यांचा धर्मगुरूसारखा पुढारी असलेल्या डिलन या कैद्याचं प्रवचन, हे त्या भिक्षूंचे अवशेष आहेत. पटकथा पक्की नसताना इंग्लंडमध्ये पाइनवुडला सेट उभे राहिले. असं झालं की त्याचा हिशेब शेवटी संकलनाच्या टेबलावर चुकवावा लागतो. इथेही तसंच झालं. फिंचरच्या हातून चित्रपट गेला आणि त्याला कात्री लागली.

२००३ मध्ये चारही चित्रपटांच्या डीव्हीडी संचात 'असेंब्ली कट' आला, जवळपास अर्ध्या तासाने मोठा. फिंचरने त्यात भाग घेतला नाही, तरी त्याच्या मूळ आराखड्याच्या जवळ जाणारी हीच आवृत्ती आहे. ती पाहून मग बोला. सुरुवातीला क्लेमेन्स त्या राखाडी किनाऱ्यावरून एकटाच चालत येतो, मागे अजस्र यंत्रं, वारा घोंघावतोय. ती जागा किती टाकून दिलेली आहे हे तेवढ्यात कळतं. तो जीव इथे कुत्र्याऐवजी बैलातून जन्मतो. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे कैदी त्याला एकदा खरोखर कोंडतात! मग गोलिक हा कैदी, ज्याला त्याच्यात देव दिसतो, पहारेकऱ्याचा गळा चिरून त्याला मोकळा करतो. थिएटरच्या आवृत्तीत हा अख्खा धागाच उडवलाय, त्यामुळे गोलिक मध्यावर गायब होतो आणि ती भूमिका करणाऱ्या पॉल मॅकगॅनचं सगळं काम मातीमोल होतं.

दोष आहेतच. लांबच्या दृश्यांत पळणारा प्राणी म्हणजे निळ्या पडद्यासमोर काठ्यांनी हलवलेली बाहुली आहे आणि ती दृश्यं एकमेकांवर नीट बसलेली नाहीत. प्राण्याच्या कडा चक्क हिरवट दिसतात. व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर नामांकन याच कामाला मिळालं होतं. मला ते जवळच्या दृश्यांसाठी पटतं. रिप्लीच्या गालाशी तो जबडा येऊन थांबतो त्या दृश्याला आजही तोड नाही.

आवाजाबद्दल एकच सांगतो. सुरुवातीची फॉक्स स्टुडिओची ओळखीची धून आठवा. ती शेवटच्या सुरावर सुटण्याआधीच अडकते, तिथेच ताणली जाते आणि बेसूर होत काळोखात शिरते. संगीतकार गोल्डेन्थालने पहिल्या काही सेकंदांतच सांगून टाकलंय की इथे सुटका नाही.

डोंबिवली (पुन्हा)

गोरेगावकरांच्या आग्रहामुळे असेंब्ली कट पाहिला. गोलिकचा भाग जबरदस्त आहे, तो कापणाऱ्यांना काय म्हणावं! कैद्यांपैकी निदान चार-पाच जण मला वेगवेगळे ओळखू आले, पूर्वी सगळी टकली सारखीच वाटायची. पण न्यूट आणि हिक्सचं काय? ते दोन्ही आवृत्त्यांत तसेच मेलेत. माझी तक्रार जागेवर आहे.

लातूर

डोंबिवलीकरांनी लिहिलंय, "निदान लढून मरू द्या." त्यावरच लिहायचं आहे.

माझा धाकटा भाऊ रात्रीच्या बसने गावी येत असताना अपघातात गेला. तो झोपेत होता असं डॉक्टर म्हणाले. आम्हाला कळलं ते फोनवरून, एका अनोळखी माणसाकडून. यादीत त्याचं आडनावही चुकलं होतं.

त्यानंतर बऱ्याच काळाने 'एलियन थ्री' पुन्हा पाहिला. तुरुंगातून रिप्लीच्या कंपनीला जो संदेश जातो तो पडद्यावर उमटतो, आठवतोय? वाचलेली एक, लेफ्टनंट रिप्ली. मृतांमध्ये हिक्सचं नाव. आणि न्यूट? अनोळखी मुलगी, वय सुमारे १०. जिच्यासाठी रिप्ली एलियनांच्या राणीशी लढली तिला इथे नावसुद्धा नाही. पूर्वी हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. त्या दिवशी मी तिथेच टीव्ही थांबवला.

पुढे दोघांचे देह भट्टीत सोडतात. आधी अधीक्षक अँड्र्यूज छापील मजकूर वाचतो, कोरडा, उरकून टाकल्यासारखा. मग डिलन पुढे होतो आणि त्याला जे वाटतं ते बोलतो. निष्पापांच्या वाट्याला ही शिक्षा का, असं तो विचारतो आणि त्याचं उत्तर आपल्यापाशी नाही हेही सांगतो. एक खुनी माणूस एका अनोळखी पोरीसाठी मनापासून बोलतोय. विद्युतदाहिनीचं दार खाली येताना आमच्या इथे असं बोलणारं कुणी नव्हतं. चित्रपट सदोष आहे हे मला मान्य आहे. पण मरण असं येतं, हे त्याने खरं दाखवलं. त्याबद्दल मी त्याचा कायमचा ऋणी आहे.

पुणे

या चर्चेत एक गोष्ट सुटतेय. बलात्कार आणि खून केलेल्या पुरुषांच्या तुरुंगात एकटी बाई. मला हा चित्रपट एलियन येण्याआधीच भीतिदायक वाटला.

जेवणघरातला प्रसंग घ्या. रिप्ली आत येते, सगळ्या माना वळतात. ताट घेऊन ती सरळ डिलनच्या टेबलाशी जाऊन आभार मानते. तो तिला तोंडावर सांगतो की मी बायकांवर बलात्कार केलेत, खून केलेत. ती क्षणभर थांबते, मग माझ्यामुळे तुलाच अस्वस्थ वाटत असेल, असं म्हणून तिथेच बसते. बसते! पुढे काही जण तिच्यावर हल्ला करतात, डिलन त्यांना लोखंडी नळीने बडवतो. तो हल्ला मला नको वाटतो. त्यातून रिप्लीबद्दल नवीन काहीच कळत नाही आणि म्हणून पुन्हा पाहताना मी तेवढा भाग पुढे ढकलते. जेवणघर मात्र मी प्रत्येक वेळी मागे नेऊन बघते.

ठाणे

मला शेवटचा अर्धा तास झेपत नाही. दारं बंद करत त्या जीवाला साच्यात ओढायची योजना आहे, पण कोण कुठल्या बोगद्यात आहे, कुठलं दार लागलं, कुठलं उघडं राहिलं, काही समजत नाही. भय वाटायला नकाशा डोक्यात हवा. 'एलियन्स'मध्ये तो असतो, इथे नाही. शेवटी भट्टीत उडी, तीही 'टर्मिनेटर टू'च्या वितळलेल्या पोलादानंतर वर्षभराच्या आत. तेव्हा थिएटरात काहींना हसू आलं होतं, मला ते आवडलं नव्हतं, पण नवल वाटलं नाही.

बंगळूर

मी या मालिकेत 'प्रोमिथियस'पासून (२०१२) आले, म्हणून माझी तुलना वेगळी आहे. त्यात शेवटी नायिका डॉ. शॉ वाचते, उत्तरं शोधायला निघते. 'कोव्हेनंट'मध्ये (२०१७) कळतं की ती मधल्या काळातच मेली. म्हणजे न्यूट-हिक्सचंच पुन्हा. मग 'कोव्हेनंट'ने मला चीड आणली आणि 'एलियन थ्री'ने का नाही?

माझ्या मते फरक शोकाचा आहे. 'कोव्हेनंट'मध्ये शॉसाठी रडणारं कुणी उरलेलं नाही. डेव्हिड या यंत्रमानवाचे प्रयोग किती भयंकर आहेत हे दाखवण्यापुरता तिचा देह आहे. 'एलियन थ्री' संपूर्णच रिप्लीच्या शोकावर उभा आहे. 'एलियन्स'ची लांब आवृत्ती पाहिली असेल तर आठवेल, ती ५७ वर्षं झोपून उठते तेव्हा तिची स्वतःची मुलगी म्हातारी होऊन वारलेली असते. न्यूट ही तिची दुसरी मुलगी. तीही गेल्यावर, पोटात राणीचं पिल्लू आहे हे कळल्यावर, कंपनीची माणसं तिला वाचवायचं आमिष दाखवत असताना ती मागे पडते, भट्टीत. तिने स्वतः ठरवून केलेलं आहे ते.

म्हणूनच 'एलियन रिसरेक्शन'मध्ये (१९९७) तिचा क्लोन काढून तिला परत आणलं ते मला सर्वांत जास्त खटकतं. न्यूटला मारल्याबद्दल एवढं बोललं जातं, रिप्लीचा हा निर्णय मोडीत काढल्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. डोंबिवलीकर, यावर तुमचं काय म्हणणं आहे ते वाचायला आवडेल.