बागेत फवारताना कुठला मास्क? एन-९५ चालेल का?

निफाडचा_मुलगा:
नमस्कार मंडळी, निफाडजवळ अडीच एकर द्राक्षबाग आहे, ऑक्टोबर छाटणी झाली की दर दोन-तीन दिवसांनी ब्लोअर सुरू, वडील ट्रॅक्टरवर आणि तोंडाला नुसतं उपरणं. मागच्या हंगामात फवारून आले की डोकं धरून ओट्यावर बसायचे, जेवायचे पण नाहीत, मला बघवत नाही ते. कोरोनातले एन-९५ घरात पडलेत, दुकानदार म्हणतो चालतात. खरंच चालतात का?

सातपूर_सेफ्टी:
नाही भाऊ. एन-९५ कण अडवतो, म्हणजे धूळ, गंधकाची भुकटी वगैरे. औषधाची वाफ त्यातून सरळ आरपार जाते. मी कंपनीत सेफ्टीला आहे, आमच्या पेंटशॉपला असतो तसला रबराचा हाफ मास्क (नाक-तोंड झाकणारा) घे, दोन कार्ट्रिजवाला, म्हणजे हवा गाळणाऱ्या दोन डब्या लावलेला. कार्ट्रिजवर ए२पी३ किंवा निदान ए२पी२ लिहिलेलं पाहिजे, तपकिरी पट्टा वाफेसाठी (आत कोळसा असतो) आणि पांढरा पट्टा थेंबांसाठी, दोन्ही पट्टे हवेतच. आणि औषधाच्या डब्यावरचं लेबल आधी वाच, त्रिकोण लाल किंवा पिवळा असेल तर जास्तच सांभाळून.

पिंपळगाव_बागायतदार:
वरचं अगदी बरोबर, पण मास्क घेऊनही मी एक हंगाम वाया घालवला. औषधाच्या खोलीतच खुंटीला टांगायचो, तो कोळसा तिथलाच वास ओढत बसतो, दुसऱ्या महिन्यात मास्क घालून पण वास यायला लागला. आता कार्ट्रिज झिपच्या पिशवीत, घरातल्या कपाटात, पिशवीवर उघडल्याची तारीख. पण वास येईपर्यंत थांबू नका, काही औषधांना वासच नसतो, कंपनीने दिलेल्या मुदतीत बदला. घातल्यावर दोन्ही कार्ट्रिज तळव्यांनी झाकून श्वास ओढायचा, मास्क आत ओढला जाऊन गालाला चिकटला तर ठीक, नाकाशेजारून हवा शिरली तर मास्कचे डोक्यामागचे पट्टे परत आवळा. दाढीचे खुंट असले तरी सील बसत नाही.

निफाडचा_मुलगा:
वडील आठवड्यातून एकदाच दाढी करतात 😟 आता फवारणीच्या सकाळी करायला लावतो. मास्क लावला की डोकं दुखायचं थांबेल ना?

सातपूर_सेफ्टी:
त्याची वाट बघू नका. औषध कातडीतून पण जातं, भिजलेला शर्ट दिवसभर अंगावर राहिला तर मास्क काय करणार, नायट्राइलचे हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्या आणि आल्याबरोबर साबणाने अंघोळ. डोकं धरणं, मळमळ, घाम, डोळ्यापुढे अंधुक दिसणं ही विषबाधेची लक्षणं असू शकतात, या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा आणि मागच्या हंगामात जे मारलं त्याची लेबलं सोबत न्या. फवारताना असं झालं तर तिथेच थांबवून सरळ दवाखाना.

निफाडचा_मुलगा:
रिकामे डबे शेडमध्येच आहेत, आजच सगळ्या लेबलांचे फोटो काढतो. उद्या सकाळी नेतो त्यांना.