‘स्वामी मुद्रिकांचा’ संपलं. आप्पांना आता काय वाचून दाखवू?

देवगडची_सून:
नमस्कार मंडळी. आषाढात आमच्या आप्पांचं (सासरे) मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्यांचं वाचन बंद पडलं. तेव्हापासून रोज दिवेलागणीनंतर पडवीत बसून मी त्यांना ‘स्वामी मुद्रिकांचा’, म्हणजे टोल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीचा मुग्धा कर्णिक यांनी केलेला अनुवाद, वाचून दाखवते आहे. तिन्ही खंड. दमट हवेनं पानं फुगली, पहिल्या खंडाची बांधणी सुटली, लाईट गेले की बॅटरीवर वाचलं. दुपारी जेवताना आप्पांचा ठरलेला प्रश्न, “आज खंय पोचतले ते दोघे?”

परवा संपलं. त्या दोघांतला सॅम आपल्या घरी परततो तिथे मी पुस्तक मिटलं. आप्पा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “उद्या काय?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. काल संध्याकाळी आम्ही नुसतेच बसलो होतो.

‘हॉबिट’ झालंय, हॅरी पॉटर लेकीसोबत झालंय. मोठ्याने वाचायला बरं असं हवंय. जादू असावी, पण तिला काही नियम हवेत. वाट तुडवणं, प्रवास असेल तर फारच छान. मराठी मिळालं तर उत्तम. इंग्रजी असेल तर मी वाचता वाचता मराठीत सांगेन.

खाडीपलीकडचा:
आधी काय घेऊ नका ते सांगतो. ‘सिल्मरिलियन’. टोल्किनचंच, तो गेल्यावर त्याच्या मुलानं संपादित करून 1977 साली काढलेलं पुस्तक. मला ते प्राणप्रिय आहे, पण नुसतं ऐकून त्यातली नावं ध्यानात राहत नाहीत. स्वतः वाचतानाही दहादा मागे जावं लागतं.

त्यापेक्षा कथासरित्सागर. अकराव्या शतकात काश्मिरात सोमदेवानं रचलेला, मराठीतही आलेला. विद्याधर, वेताळ, गोष्टीच्या पोटात गोष्ट. आणि सुरुवातच अशी की राजानं नाकारलेला ग्रंथ गुणाढ्य रानात बसून पशुपक्ष्यांना वाचून दाखवतो, नि वाचून झालेलं पान अग्नीत टाकतो. सात लाख श्लोकांतले सहा लाख जळून जातात. उरलेल्या लाखाचा हा सागर. मुळात ऐकवण्यासाठीच जन्मलेलं पुस्तक आहे ते.

वेंगुर्लेकर:
माका ह्या धाग्यार चिं. त्र्यं. खानोलकरांचा नाव कोणीच कसा घेऊक नाय? तेंची ‘कोंडुरा’ कादंबरी वाच गो बाय.

कोंडुऱ्याचा समुद्र आमच्यापासून जवळ. भरतीला कातळाच्या घळीत लाट शिरते तेव्हाचा घुमणारा आवाज लहानपणी ऐकलाय, छातीत होतो तो. त्या समुद्राकडून माणसाला वरदान मिळतं, पण अट घालून. तुम्ही म्हणता तसे जादूला नियम आहेत, आणि ते मोडले की काय होतं तेही आहे. मात्र पुस्तक काळोखं आहे. आप्पांची तब्येत नुकतीच सुधारते आहे, तर थोडं थांबून घ्या.

शब्दवेडी:
जीएंचं (जी. ए. कुलकर्णी) ‘रमलखुणा’. दोनच दीर्घकथा आहेत, ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’. कुठल्याच नकाशावर न सापडणारी भूमी मराठीत कशी उभी राहते ते तिथे पाहावं. रोज चारच पानं वाचा. घाईनं संपवायचं लेखन नाही ते.

माडाखाली:
ताई, इंग्रजी चालेल म्हणालात म्हणून आग्रहानं सांगते. उर्सुला ले ग्विन यांचं ‘अ विझार्ड ऑफ अर्थसी’. 1968 सालचं, जेमतेम दोनशे पानांचं. सगळी दुनिया म्हणजे समुद्रातली बेटं, आणि फिरायचं ते होडीनं. नायक गाँट बेटावरचा शेळ्या राखणारा पोरगा. मावशीच्या तोंडून ऐकलेला एक शब्द उच्चारतो नि सगळ्या शेळ्या धावत येऊन त्याला वेढतात.

तिथली जादू नावांत आहे. प्रत्येक वस्तूचं, प्राण्याचं, माणसाचं एक खरं नाव. ते ज्याला कळलं त्याची सत्ता. म्हणून कुणी आपलं खरं नाव चारचौघांत सांगत नाही. हे वाचताना मला एकदम आजी आठवली. रात्री ‘साप’ म्हटलं की ती तोंडावर हात ठेवायची. ‘जनावर म्हण, लांबडं म्हण, नाव घेऊ नको.’ अमेरिकेतल्या बाईनं लिहिलेलं आमच्या माजघरात आधीपासून होतं, असं वाटलं.

मोठी मालिका हवी असेल तर रॉबिन हॉबची ‘शिप ऑफ मॅजिक’पासूनची तीन पुस्तकं. त्यात एका घराण्याच्या तीन पिढ्यांचे मृत्यू जहाजावर झाले की ते जहाज जागं होतं, बोलू लागतं. बोटीला घरातलं माणूस मानणाऱ्या आपल्या किनाऱ्यावर हे वेगळं समजवावं लागणार नाही. पण हिंसा बरीच आहे, काही प्रसंग गाळूनच वाचावे लागतील.

जुनं_वाचनालय:
विकत घेण्याआधी वाचनालयांत चौकशी करा. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 पासूनचं, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर 1852 चं. कथासरित्सागराचे खंड, जीए, खानोलकर यांसाठी आधी तिथेच बघावं.

देवगडची_सून:
सगळ्यांचे मनापासून आभार. कथासरित्सागराची चौकशी एका भाच्याला करायला सांगितली आहे. ‘कोंडुरा’ घरातच निघालं, आप्पांच्याच कपाटात! ते म्हणाले, ते मी डोळे बरे झाले की स्वतः वाचणार.

अर्थसी मोबाईलवर घेतलं आणि कालपासून सुरू केलं. वाचते इंग्रजी, सांगते मराठी, त्यामुळे अडखळायला होतं. पण शेळ्यांपाशी आल्यावर आप्पा सावरून बसले. नावांचं सांगितलं तेव्हा म्हणाले, “बरोबर आसा. माझ्या आयेनं माझा नाव कधी घेतला नाय, बाबूच म्हणायची.”

आप्पांचं बारशाचं नाव काय, हे मी लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर काल पहिल्यांदा विचारलं. सांगितलं त्यांनी. इथे लिहीत नाही.